ओल अंगात मुरण्याआधी

पत्र : सप्रेम नमस्कार. आमच्या घरी दोन कुत्री आहेत. ब्रूनो हा सहा वर्षांचा लॅब्राडोर आणि हरणी ही दीड वर्षाची कारवानी. जुलैतल्या एका रविवारी आम्ही सगळे पन्हाळ्याहून मसाई पठारावर गेलो. चार तास पाऊस आणि वारा होता. परतीच्या वाटेवर हरणी लटलट कापू लागली. काही वेळाने कापणे थांबले तेव्हा आम्हाला हायसे वाटले, पण ती मटकन खाली बसली आणि आवडीचे बिस्किटही तोंडात घेईना. मामंजींनी अंगावरची घोंगडी काढून तिला गुंडाळले आणि मुलाने व त्यांनी मिळून तिला झोळीसारखे उचलून गाडीपर्यंत आणले. चमचाभर ब्रँडी पाजा, असे मामंजी म्हणत होते. मी पाजू दिली नाही. रात्री ती सावरली. ब्रूनोला काही झाले नाही, पण वाटेतल्या तळ्यात मनसोक्त पोहल्यावर त्याची शेपूट चार दिवस लोंबत होती. आता मुलगा म्हणतो की पुढच्या पावसाळ्यात दोघांना घेऊन पन्हाळा ते पावनखिंड चालायचे. मामंजी म्हणतात, धनगरांची कुत्री जन्मभर उघड्यावर असतात, त्यांना काय होते? माझ्या मनात मात्र भीती बसली आहे. हरणीला कोट घ्यावा का? पावसात तिला बाहेर न्यावे की नाही?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : ताई, सप्रेम नमस्कार.

ब्रँडी पाजू दिली नाहीत हे फार चांगले केलेत. दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या फुलतात, त्यामुळे क्षणभर ऊब आल्यासारखे वाटते आणि प्रत्यक्षात अंगातली उरलीसुरली उष्णता बाहेर निघून जाते. शिवाय कुत्र्याच्या शरीराला दारू थोडीसुद्धा सोसत नाही. मामंजींचा जीव त्या कुत्रीसाठी तुटत होता म्हणूनच त्यांनी ते सुचवले असणार, आणि घोंगडीचा निर्णय त्यांचाच होता, ज्याने बहुधा हरणीला वाचवले. तेव्हा ब्रँडीवरून त्यांना बोल लावू नका.

तुमच्या पत्रातले एक वाक्य मी दोनदा वाचले. कापणे थांबले तेव्हा तुम्हाला हायसे वाटले, असे तुम्ही लिहिले आहे. नेमका तोच क्षण सर्वांत काळजीचा होता. कापणे म्हणजे स्नायूंनी स्वतःला घुसळून उष्णता तयार करणे. जोवर कुत्रे कापते आहे तोवर त्याचे शरीर झुंज देते आहे असे समजावे. अंग कोरडे आणि उबदार झाल्यावर कापणे थांबले, कुत्रे कान टवकारून इकडेतिकडे पाहू लागले, तर ते सावरले. पण ओल्या अंगाने, वाऱ्यातच, कापणे थांबले आणि त्यासोबत सुस्ती आली, पाय अडखळू लागले, खाण्याकडे पाठ फिरली, तर त्याचा अर्थ इंधन संपले असा होतो. कुत्र्याचे नेहमीचे तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सियस असते, म्हणजे आपल्यापेक्षा जास्त. ते ३७ च्या खाली उतरले की उपाय ताबडतोब सुरू करायला हवेत आणि ३५ च्या खाली गेले तर घरगुती उपायांवर विसंबून न राहता थेट दवाखाना गाठायला हवा. ३२ च्या आसपास तर थरथरण्याची ताकदही शरीरात उरत नाही.

आता तुमच्या मनात येईल की जुलैत कोल्हापूरला असा कितीसा गारठा असतो? तापमापकावर पाहिले तर काहीच नाही. शहरात बावीस-तेवीस अंश असले तर पन्हाळ्याच्या डोंगरावर त्याहून दोन-तीन अंश कमी. पण कुत्र्याला गारठवणारी गोष्ट हवेतली थंडी नसते, अंगावरची ओल असते. कुत्र्याची ऊब केसांमध्ये अडकलेल्या हवेत साठलेली असते. केस भिजून अंगाला चिकटले की ती हवा जाते आणि तिच्या जागी पाणी येते, जे हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेते. वारा ते पाणी सतत वाळवत राहतो आणि प्रत्येक थेंब वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. मसाई पठार तुम्ही पाहिलेच आहे. जांभ्याचा उघडा सपाट सडा, आडोशाला झाड नाही, आणि पश्चिमेचा वारा थेट अंगावर. डिसेंबरातल्या कोरड्या पहाटे दहा-बारा अंशांत रंकाळ्यावर फिरणारे कुत्रे मजेत असते, आणि जुलैत वीस अंशांत त्या पठारावर तेच कुत्रे गारठून बसते, ते यामुळेच.

त्यातही हरणी कारवानी आहे. दख्खनच्या कोरड्या माळरानावर सशामागे धावण्यासाठी घडलेले ते अंग आहे: कातडी पातळ, केस आखूड, कातडीखाली चरबी जवळजवळ नाही, पोट पाठीला लागलेले. धावताना ही कुत्री उष्णता भराभर तयार करतात आणि थांबली की तितक्याच भराभर गमावतात. म्हणून तुम्हाला तिची अडचण चढताना दिसली नाही, परतताना दिसली. चढताना सगळ्यांच्या अंगात ऊब असते. उतरताना पाय मंदावतात, मध्ये फोटोसाठी, चहासाठी थांबणे होते, आणि तोवर पाणी कातडीपर्यंत मुरलेले असते. ब्रूनोचे तसे नाही. लॅब्राडोरच्या अंगावर केसांचे दोन थर असतात, वरचा जाड आणि तेलकट, आतला लोकरीसारखा दाट, आणि आतल्या थरापर्यंत पाणी पोहोचायला वेळ लागतो. (याच कारणासाठी पावसाळ्यात चिखलाला कंटाळून लॅब्राडोरचे केस भादरू नयेत.) दोघे एकाच वाटेवर, एकाच पावसात होते म्हणून दोघांना सारखाच पाऊस लागला असे होत नाही. घरातली पिल्ले, दहा वर्षांपुढची कुत्री आणि नुकतीच आजारातून उठलेली कुत्री हरणीच्याच रांगेत धरावीत.

मामंजींच्या धनगरी कुत्र्यांच्या मुद्द्याला मात्र नीट उत्तर द्यायला हवे, कारण त्यात तथ्य आहे. त्या कुत्र्यांची केसाळ अंगे, वर्षभर उघड्यावर राहून आलेली सवय आणि दिवसभराची चाल यांमुळे ती पुष्कळ सोसतात. पण पावसाळ्यात मेंढरांचे कळप कुठे असतात हे मामंजींना आठवत असेलच. पश्चिमेकडच्या धुवाधार पावसात मेंढ्या टिकत नाहीत, खूर कुजतात, म्हणून कळप पूर्वेकडच्या कमी पावसाच्या मुलखाकडे वळवले जातात, आणि कुत्री कळपाबरोबरच जातात. ओलीपासून जनावराला लांब न्यायचे असते, हे धनगर पिढ्यान्‌पिढ्या जाणतो. राजारामपुरीतल्या घरात, सतरंजीवर झोपणाऱ्या हरणीची त्यांच्याशी तुलना करणे तिच्यावर अन्याय करणारे आहे.

बाहेर असताना गारठा ओळखण्याची एक पद्धत सांगतो. नाक गार आहे का, कान गार आहेत का, याला फारसा अर्थ नाही. ते पावसात गारच लागणार. स्वतःचा हात काखेत धरून गरम करा आणि मग तो कुत्र्याच्या मागच्या पायाच्या आत, जांघेत, जिथे केस विरळ असतात तिथे ठेवा. एरवी तिथे हाताला चांगली ऊब लागते. तीही जागा गार लागली तर पुढे जायचे नाही. मग वरचा ओठ उचलून हिरडीवर अंगठा दाबा आणि सोडा; पांढरा झालेला ठसा दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. त्याला वेळ लागत असेल, किंवा हिरडी मुळातच फिकट दिसत असेल, तर रक्त आत ओढले गेले आहे. ही दोन्ही ठिकाणे आधी घरी, कोरड्या दिवशी, चार-पाच वेळा तपासून बघा, म्हणजे निरोगी कुत्र्याचे कसे असते ते हाताला ठाऊक होईल. चालताना दर अर्ध्या तासाने एवढे पाहायला दोन मिनिटेसुद्धा लागत नाहीत. त्याआधीच दिसणाऱ्या खुणा म्हणजे पुढे पळणारे कुत्रे मागे मागे चालू लागणे, शेपूट पोटाखाली घेणे, पाठ कमानीसारखी करणे, एक पाय उचलून धरणे आणि तुमच्या पायांमध्ये घुसणे. यातले काही दिसले की परत फिरावे, पठाराचे टोक कितीही जवळ आलेले असो.

तसा प्रसंग आलाच तर सर्वांत आधी वाऱ्यातून बाजूला व्हा; दगडाचा आडोसा, बांध, काहीच नसेल तर तीन माणसांनी पाठ करून बसणे. त्यानंतर पुसणे, आणि पांघरूण त्यानंतर. तुमच्याकडून इथे थोडे राहून गेले असावे असे वाटते. भिजलेल्या केसांवर घोंगडी गुंडाळली तरी आतली ओल आतच राहते. लोकर ओली झाली तरी बरीच ऊब धरून ठेवते म्हणून त्या दिवशी निभावले, चादर असती तर निभावले नसते. टॉवेल दाबून पाणी टिपा, खसाखसा घासू नका. पाणी लपून राहते ते गळपट्ट्याखाली, काखेत, जांघेत आणि बोटांच्या बेचक्यांत; तिथे टॉवेलचा कोपरा घाला. गळपट्टा आणि हार्नेस काढूनच पुसा. ऊब द्यायची ती छातीला आणि पोटाला, पायांना नाही. गार पडलेले पाय चोळले तर तिथले गार रक्त एकदम आत येते. कोमट पाण्याची बाटली कापडात गुंडाळून छातीशी धरा, किंवा मुलाने जाकिटाच्या आत तिला पोटाशी घेऊन बसावे. पूर्ण शुद्धीवर असेल आणि स्वतःहून चाटत असेल तर कोमट पाण्यात थोडा मध किंवा गूळ घालून द्या. गुंगीत असलेल्या कुत्र्याच्या तोंडात काहीही ओतू नका, ते फुप्फुसात जाते.

घरी आल्यावर आपल्याकडे प्रेमापोटी जे केले जाते त्यातल्या काही गोष्टी थांबवायला हव्यात. कडकडीत पाण्याने आंघोळ नको. छातीला बाम, कापराचे तेल, निलगिरीचे तेल मुळीच नको. कुत्रे ते चाटते आणि कापूर त्याच्यासाठी विष आहे. दारे-खिडक्या लावून कोळशाची शेगडी पेटवणे माणसांनाही जिवावर बेतणारे असते. क्रोसिन, ब्रूफेन यांसारख्या माणसांच्या गोळ्या कुत्र्याच्या यकृताला, मूत्रपिंडाला आणि पोटाला इजा करतात. आणि आपल्या कोल्हापुरात प्रत्येक दुखण्यावर जे पहिले आठवते ते पेलाभर गरम दूध बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना पचत नाही. गारठलेल्या हरणीला त्यात जुलाबाची भर नको. मऊ भात आणि चिकनचे कोमट अळणी पाणी पुरे. ते उकळताना कांदा-लसूण टाकू नका.

ब्रूनोच्या शेपटीबद्दल निर्धास्त राहा. पशुवैद्यकात याला लिंबर टेल म्हणतात. गार पाण्यात खूप वेळ पोहल्यावर शेपटीच्या मुळाशी असलेले स्नायू दुखावतात, कारण पोहताना शेपूट सुकाणूसारखी सतत वळत असते. मग मुळापाशी ती दोन-तीन इंच आडवी राहते आणि पुढे लोंबते. लॅब्राडोरमध्ये हे वारंवार दिसते. विश्रांतीने काही दिवसांत बरे होते. फक्त पहिल्या एक-दोन दिवसांत खूप दुखत असते, बसतानाही त्रास होतो, तेव्हा वेदनाशामक औषध पशुवैद्यकाकडूनच घ्यावे. पुन्हा पोहायला सोडाल तेव्हा दहा मिनिटांवर आवरा.

कोट घ्यावा का, तर हरणीला जरूर घ्या, ब्रूनोला गरज नाही. बाजारात मिळणारे बरेचसे कोट नुसती पाठ झाकतात, आणि कुत्र्याला गारठवणारे पाणी खालून, गवतातून आणि डबक्यांतून, पोटाला लागते. छाती आणि पोट झाकणारा, बाहेरून पाणी न धरणारा आणि आतून मऊ अस्तराचा कोट शोधा. कारवानीची छाती खोल आणि कंबर बारीक असल्यामुळे तयार माप बहुधा बसत नाही. रेनकोट शिवणाऱ्या एखाद्या शिंप्याकडे तिला नेऊन माप द्या. काखेत काचतो का ते घरात तासभर घालून पाहा. आणि कोटातून पाणी आत गेलेच तर तो काढून टाका, कारण भिजून चिकटलेला कोट हा कोट नसण्यापेक्षा वाईट.

गाडीचे एक सांगायलाच हवे. पुष्कळ वर्षांपूर्वी मी माझ्या पहिल्या कुत्रीला मोटारसायकलवर पुढे बसवून गगनबावड्याला घेऊन गेलो होतो. घाटात दोन तास पावसात फिरलो, ती आनंदात होती, आणि मी तिला तशीच ओली गाडीवर बसवून परत निघालो. साळवणला चहासाठी थांबलो तेव्हा ती टाकीवरून खाली उतरेना. हात लावला तर अंग लाकडासारखे ताठ झाले होते. टपरीवाल्या मावशींनी दोन कोरडी पोती दिली, चुलीपासून हातभर अंतरावर तिला ठेवले, आणि ती उठून उभी राहायला पाऊण तास गेला. चालताना तिला जे झाले नव्हते ते गाडीच्या वाऱ्याने अर्ध्या तासात केले, आणि ती चूक सर्वस्वी माझी होती. भिजलेल्या कुत्र्याला दुचाकीवरून आणू नये. चारचाकीतही काच खाली करून वारा खाऊ देऊ नये.

पायांकडे लक्ष द्या. दोन तास पाण्यात राहिलेले पंजे मऊ पडतात आणि जांभा दगड कानशीसारखा असतो. परत आल्यावर प्रत्येक पंजा उलटा करून पाहा. बोटांच्या बेचक्या ओल्या राहिल्या की लाली येते, मग कुत्रे चाटत राहते आणि जखम होते. ब्रूनोचे लोंबते कानही आतून कोरडे करा, मात्र कानात काडी घालू नका. घाटाकडच्या वाटांवर जळवा असतात. जळू दिसली तर मीठ, तंबाखू टाकू नका, कारण ती पोटातले जखमेतच ओकते. निमुळत्या तोंडाकडून नख सरकवून सोडवा. गोचिडी त्याच दिवशी शोधून चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, कारण त्या रक्तातले गंभीर आजार पसरवतात.

पन्हाळ्यावर पावसात माणसे दोन गोष्टी खातात, कांदाभजी आणि भाजलेले मक्याचे कणीस, आणि कुत्र्यासाठी दोन्ही घातक. कांदा शिजलेला असला तरी कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतो. कणसाचे बुरखुंड, जे लोक रस्त्याकडेला फेकतात, ते भुकेले कुत्रे अख्खे गिळते आणि ते आतड्यात अडकून बसते; ते काढायला पोट फाडण्यावाचून इलाज नसतो. वाहनतळापासून साखळी हातात घट्ट धरा. ती पुढे पठारावरही सोडू नका. तिथे गुरे चरतात, या डोंगरांत बिबट्याचा वावर आहे, आणि ससा दिसला तर हरणी तुमच्या हाकेला थांबणार नाही. दाजीपूर-राधानगरीच्या अभयारण्यात तर कुत्र्यांना नेऊच नये. तिथल्या वन्यजीवांना पाळीव कुत्र्यांपासून रोग लागतात.

साचलेल्या पाण्यामुळे होणारा लेप्टोस्पायरोसिस हा आजार उंदरांच्या मूत्रातून पसरतो आणि कुत्र्याकडून माणसालाही होतो. त्याची लस दरवर्षी घ्यावी लागते, आणि पहिल्या वर्षी दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा. मे महिन्यात ती उरकून टाका. २०१९ आणि २०२१ चे पंचगंगेचे पूर आपण पाहिले आहेत. पूर ओसरल्यावरच्या गाळात दोघांनाही फिरवू नका. पावसात भिजून आल्यावर पुढच्या दोन आठवड्यांत ताप, उलट्या, डोळ्यांत पिवळेपणा दिसला तर भिजल्याची गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगा. ब्रूनोला रंकाळ्यात उतरवू नका, केंदाळात पाय गुंतले की चांगले पोहणारे कुत्रेही बुडते.

राहिला पावनखिंडीचा प्रश्न, आणि इथे मी मुलाच्या बाजूने नाही. ती पन्नासएक किलोमीटरची, दोन दिवसांची वाट आहे. ओढे ओलांडायचे, गुडघाभर चिखल, मुक्कामाला ओलसर जमीन आणि शेकडो अनोळखी माणसे. पहिल्या दिवशी भिजलेले कुत्रे रात्रीत पूर्ण वाळत नाही आणि दुसऱ्या दिवशी ओल्या अंगानेच सुरुवात करते. मधे ते बसले तर गाडी जवळ नसते. मुलाने ती वाट जरूर चालावी, बाजीप्रभूंच्या वाटेवर आपल्या मुलांनी चालायलाच हवे, पण दोघांना घरी ठेवून. हरणीसाठी पावसाळ्यात तासाभराची फेरी, तीही पाऊस उघडला असताना आणि गाडीपासून अर्ध्या तासाच्या अंतरात. भीतीपोटी तिला चार महिने घरात कोंडू नका; धावायला घडलेले जनावर आहे, ते कोंडल्याने आजारी पडते. डिसेंबर-जानेवारीत त्याच मसाई पठारावर तिला पुन्हा न्या, ऊन वर आल्यावर.

पिशवीत तीन कोरडे टॉवेल, थर्मासमध्ये कोमट पाणी, रिकामी बाटली, गुळाचा खडा आणि तापमापक ठेवा. मामंजींना सांगा की त्या घोंगडीसारखी आणखी एक, पट्टणकोडोलीची, हरणीच्या नावाने घ्या आणि प्लॅस्टिकच्या पोत्यात बांधून गाडीतच राहू द्या, म्हणजे गरज पडेल तेव्हा ती कोरडी सापडेल. त्या दिवशी वापरलेली घोंगडी मात्र उन्हात दोन-तीन दिवस उलटसुलट वाळवून, झटकून, गोचिडी राहिल्या नाहीत ना हे पाहिल्याशिवाय त्यांना अंगावर घेऊ देऊ नका.